बांधावरचं दूध

विमानतळावरच्या तपासणीत ट्रे पट्ट्यावरून आत गेला आणि सरळ बाहेर यायच्या ऐवजी बाजूच्या पट्ट्याकडे वळला, तेव्हा नमिताच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आईनं सुकटीच्या चटणीचा डबा शेवटी घातलाच. घरून निघताना त्या डब्यावरून बरीच हुज्जत झाली होती. गोव्यात दोघी एका देवळाच्या अग्रशाळेत उतरणार होत्या. यात्रेकरूंसाठी बांधलेल्या तिथल्या खोल्या हॉटेलच्या मानानं फुकटच म्हणायच्या, पण आवारात मासळीचा वाससुद्धा चालत नाही, हे नमितानं समजावून सांगितलं होतं. आईनं डबा फळीवर परत ठेवला होता, आणि ठेवताना एवढंच म्हणाली होती की देवाला नाक असतं हे तिला ठाऊक नव्हतं. आता गणवेशातल्या बाईनं बॅग उघडली. वर भाकरीचं फडकं, मग टॉवेल, मग आईची दुसरी साडी. साडीच्या घड्यांत हात घालून तिनं जे बाहेर काढलं तो डबा नव्हता. ती नमिताच्याच प्रयोगशाळेतली बाटली होती, पाण्याचा नमुना घ्यायची, धुरकट प्लास्टिकची, अंगावर मापाच्या रेघा असलेली, आणि तिच्यात दूध होतं. बाईनं ती उजेडाकडे धरली. किसका है, असं विचारल्यावर आई पुढे झाली. लहान मुलाचं दूध आहे का, असं बाईनं विचारलं, आणि आईनं होकारार्थी मान हलवली. बाईचा चेहरा थोडा निवळला. लहान मूल बरोबर असेल तर त्याच्या दुधाला नियम वेगळा. तिनं त्या दोघींच्या मागे पाहिलं, रांगेत कुणाच्या कडेवर काही दिसतं का ते पाहिलं.

"बच्चा किधर है?"

आईनं आजूबाजूला नजर फिरवली, कुणी पत्ता विचारल्यावर माणूस मनात वाट आठवून बघतं तशी. मग तिनं बोटानं चकचकीत फरशीकडे दाखवलं.

"हितंच हाय," ती म्हणाली. "खाली."

"नीचे? नीचे किसके पास छोड़ा?"

मागच्या माणसानं घड्याळ बघितलं. नमिता घाईनं पुढे झाली आणि म्हणाली, "नहीं मॅडम, बच्चा नहीं है. कोई बच्चा नहीं है." बोलता बोलताच तिची नजर आईकडे गेली. आईचा चेहरा चिडलेला नव्हता, दुखावलेलाही नव्हता. दार लावून घेतलेल्या घरासारखा होता.   आपण आत्ता काहीतरी चुकीची नोंद केली, तपासल्याशिवाय केली, एवढंच नमिताला जाणवलं.

नियम तर तिला पाठ होते. आठवडाभर ती तेच वाचत होती. स्वस्तात प्रवास करायचा तर नियम तोंडपाठ हवेत, चुका करणं हे पैसेवाल्यांना परवडतं, असं तिचं मत होतं. सात किलोची बॅग तिनं प्रयोगशाळेतून आणलेल्या ताणकाट्याला लटकवून तोलली होती. सामान वेगळं टाकायला जास्त पैसे, म्हणून सगळं हातातल्या बॅगेत. जागा निवडायला जास्त पैसे, म्हणून यंत्र देईल ती जागा. विमानातलं पाणी, चहा, सँडविच, सगळ्याला पैसे, म्हणून भाकरी आणि रिकामी बाटली. जाताना विमान आणि येताना सावंतवाडीहून एसटी, कारण एसटीत बायकांना अर्धं तिकीट. धर्माकाका, म्हणजे वडिलांचा चुलतभाऊ, ओटीवर बसून हे सगळं ऐकून म्हणाला होता, "जाताना इमान न येताना लाल डबा. वयनी, निदान नाक्यावरनं घरापतूर बैलगाडी तरी सांगून ठेवा, म्हंजी सगला प्रवास झाला." आईसुद्धा त्यावर पदराआड हसली होती. नमिताला तिच्या या उत्साहाचंच नवल वाटत आलं होतं, गेला महिनाभर. कारण ही बाई कधी कुठे जायला राजी नव्हती. गल्लीतल्या बायका भिशीचे पैसे साठवून तिरुपतीला गेल्या, अष्टविनायक करून आल्या. पुतळामावशीनं तर आपल्या पैशांनी नेते म्हटलं. पण आईनं दर वेळी गुडघे पुढे केले. आणि या वेळी तिनंच विचारलं होतं, भाजी निवडता निवडता, की आपल्या गावावर जे विमानतळ झालंय तिथं आत कुणाला सोडतात. ज्याच्याकडे तिकीट असेल त्याला, नमिता म्हणाली होती. कुणाला बी? कुणालाही. मग आई बराच वेळ देठ खुडत राहिली आणि म्हणाली, सगळ्यात स्वस्त तिकीट कुठलं असतं ते बघ. कुठे जायचंय, असं विचारल्यावर म्हणाली, कुठं बी. फक्त दिवस तिनं सांगितला होता. वैशाखातली अमावास्या. अमावास्येला शेजारीपाजारी नवी चप्पलसुद्धा पायात घालत नाहीत, आणि ही विमानात बसायला निघाली. पण नेमक्या त्या दिवसाचं तिकीट हाताशी आलं, आणि हाताशी आलेल्या स्वस्त तिकिटाला नमिता कारण विचारत नसे.

वैशाखातली अमावास्या. तो दिवस तिच्या ओळखीचा होता, आणि इतक्या आठवड्यांत तिनं तो ओळखला नव्हता.

शाळेत असताना, जुन्या गावात, त्या दिवशी आई तिला बांधावर घेऊन जायची. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला मातीचा लांबच लांब बांध, आणि त्यात एके ठिकाणी लाकडी फळ्यांचं दार, उघाडी म्हणायचे तिला; भरतीला ती मिटायची, ओहोटीला उघडून शेतातलं पाणी खाडीत सोडायची. उघाडीशेजारी भेंडीचं एक झाड होतं, भाजीच्या नव्हे, खाडीकाठी वाढणाऱ्या उंच भेंडीचं. वैशाखात शेतं सुकून भेगाळलेली असायची, भेगांची पंचकोनी-षट्कोनी जाळी दूरवर गेलेली, आणि भेगांच्या कडांना मिठाची पांढरी साय धरलेली. ती साय जिभेला लावून बघायचा नमिताला नाद होता. आई तांब्यात दूध घेऊन पुढे चालायची. वडील बरोबर यायचे, पण बांधाच्या अलीकडे मोटारसायकलवरच बसून राहायचे, तोंड रस्त्याकडे करून. आई भेंडीखाली वाकायची, मातीवर हात फिरवायची, उतारावरची पानं बाजूला करायची आणि दूध ओतायची. माती ते लगेच पीत नसे. ते थोडा वेळ वर थांबायचं, थरथरायचं, मग एकाएकी खाली जायचं. तांब्याच्या तळाशी आई नेहमी दोन घोट ठेवायची. ते घरी न्यायचं नसे, टाकायचंही नसे. ते नमितानं तिथंच उभं राहून प्यायचं. उन्हानं कोमटलेलं, साखर नसलेलं दूध. तिला त्याची शिसारी यायची. नाक धरून प्यायली तर आई नाकावरचा हात काढायला लावायची. हे कुणासाठी, असं तिनं एकदा वडिलांना विचारलं होतं. बांधाच्या देवाला, ते म्हणाले. कुठला देव, नाव काय त्याचं? वडिलांना, हिरामण म्हात्रे यांना, सहसा उत्तर सुचायला वेळ लागत नसे, पण तेव्हा त्यांनी किक मारायच्या आधी मोटारसायकलची टाकी फडक्यानं पुसली, होती ती पुन्हा पुसली, आणि मग म्हणाले, "बारका देव हाय, बाय. त्याना नाव नाय." पुढे कॉलेजात गेल्यावर नमितानं हे सगळं नागाच्या पूजेशी, मातीच्या पूजेशी, असं कशाकशाशी जोडून टाकलं होतं, आणि जोडून झाल्यावर विसरून गेली होती.

गणवेशातल्या बाईनं बाटली आडवी-उभी करून बघितली. ती वाईट बाई नव्हती, दमलेली होती. तिनं सांगितलं की एवढी मोठी बाटली भरलेली आत जाणार नाही. इथंच पिऊन टाका, नाहीतर त्या पिंपात टाका. रिकामी बाटली न्या. पिंपात अर्ध्या प्यायलेल्या पाण्याच्या बाटल्या होत्या, अत्तराची एक कुपी होती, मुरांब्यासारखं काहीतरी होतं. आईनं पिंपाकडे पाहिलंही नाही.

"टाकायचं नसतं ते," ती नमिताला म्हणाली, हळूच, दुसऱ्या कुणाला कळू नये असं. "तू पी."

प्रयोगशाळेतला पहिला नियम, भिंतीवर लिहिलेला, की इथल्या कुठल्याही भांड्यातून काही खायचं-प्यायचं नाही. नमितानं नव्या मुलांना तो स्वतः शिकवला होता. तिनं झाकण फिरवलं. बाटलीच्या तोंडाला प्लास्टिकचा वास होता आणि त्याच्या आत, त्याच्या खाली, तांब्याच्या तळातला तो जुना कोमट वास होता. मागची रांग दुसऱ्या यंत्राकडे वळली होती. एक लहान मुलगी आपल्या बापाचा हात धरून तिच्याकडे टक लावून पाहत होती, एवढी मोठी बाई बाटलीनं दूध का पितेय म्हणून.  पहिल्या घोटाला नमितानं नकळत हात नाकाकडे नेला, आणि आई काही म्हणायच्या आत आपणच तो खाली घेतला. मग ती प्यायली, सबंध, थांबत थांबत. आणि पिताना तिला सगळ्यात स्पष्ट दिसलं ते हे, की बांधावर तिच्या वाट्याला येई ते नेहमी कुणाचं तरी उरलेलं असे. आधी तो बारका देव, मग ती. घरात पहिलं पान कुणाचं, आंघोळीचं पहिलं पाणी कुणाचं, हे ठरलेलं असतं, तसंच ते. ती घरातलं पहिलं मूल आहे असं सगळी सत्तावीस वर्षं तिला सांगितलं गेलं होतं.

आत, मोठ्या काचेपाशी, खुर्च्या रिकाम्या होत्या. काचेपलीकडे सपाट, पांढरट, डोळ्यांना खुपणारी जमीन, विमानांची शेपटं, आणि फार लांबवर तिवरांची हिरवी काळसर रेघ. डोंगर नव्हता. नमिता दहावीत असताना ज्याच्या आडून सूर्य उगवायचा तो अख्खा डोंगर सुरुंगांनी फोडून, डंपरांनी वाहून, खालच्या शेतांवर आणि खाडीवर पसरला होता. पायाखाली काय काय आहे ते तिला छेद काढून दाखवता आलं असतं, परीक्षेत काढतात तसा: वर फरशी, मग काँक्रीट, मग त्या डोंगराचा मुरूम, मग खाडीची काळी चिकणमाती, मग कातळ. प्रत्येक थराचं नाव. त्या छेदात एखादं माणूस असू शकतं असं तिला कधी सुचलं नव्हतं.

"कोण होता?" तिनं विचारलं.

आईनं सांगितलं. तिला सांगायला फार वेळ लागला नाही; इतकी वर्षं मनात राहून ते घासून बारीक झालं असावं. तुझ्या आदी झालता, ती म्हणाली. जासईला, माहेरी, बाळंतपणाला गेली होती. पण मूल झाल्यावर सासऱ्यानं हट्टानं पाचवी पुजायला इकडे आणवलं. पाचवी पुजली, आणि दुसऱ्या दिवशी ताप आला, आणि गेला. बारशापर्यंत टिकला नाही, म्हणून नाव नाही. एवढ्या लहान पोराला जाळत नाहीत, पुरतात. मसणात नको, लांब पडेल, म्हणून सासऱ्यानं आपल्याच बांधात जागा काढली. पुढे नमिता झाली तेव्हा घरातल्यांनी ठरवलं की या पोरीला ते सांगायचं नाही, सावली नको. गाव उठलं तेव्हा गावदेवीला वाजतगाजत नव्या जागेत नेलं, म्हसोबाचा दगड नेला, वेतोबाचा नेला. देवळाच्या पंचांनी विचारलं की आणखी कुणाचं काही न्यायचं असेल तर सांगा. "मी उभी ऱ्हायली व्हती," आई म्हणाली. "पन काय सांगू? देव असता तं सांगितला असता."

मोबदल्याच्या पैशात वडिलांनी डंपर घेतला होता. गावातल्या निम्म्या लोकांनी घेतला. ज्यांची शेतं बुजवायची त्यांनाच भराव टाकायचं काम, आणि त्याचा कुणाला तेव्हा राग आला नव्हता, उलट काम मिळालं याचा आनंद होता. नमिताला त्या डंपरच्या पुढच्या काचेवरचा झेंडूचा हार आठवत होता. आणि आठवत होती ती त्या उन्हाळ्यातली घरातली शांतता, आईवडील एकमेकांशी बोलत नसत ती. ताट पुढे सरकवायचं, पाठ करायची. ती तेव्हा बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होती आणि तिनं ठरवून टाकलं होतं की भांडण डंपरच्या हप्त्यांवरून आहे.

"बांधाकडं भराव आला तवा ह्यो सकालीच गेला," आई म्हणाली. "मुकादमाला सांगितला, हितं पयला डंपर माजा. दुसऱ्या कुनाला टाकू देनार नाय. न टाकला. घरी येऊन मना म्हनतो, सखू, मी मूठमाती दिली." ती काचेकडे पाहत होती. "येवढा डोंगर टाकला, न म्हनतो मूठमाती. मी त्याच्याशी पावसाला लागंपतूर बोलली नाय."

मग बोलली? नमितानं विचारलं नाही. पण आईनं मान डोलावली. मग बोलली. पुढच्या वर्षी भराव संपला, डंपर उभा राहिला, आणि त्याच्या पुढच्या वर्षी वडील गेले. डंपर विकला तेव्हा त्याच्या हौद्यात कोपऱ्यात अजून मुरूम होता, नमिताला आठवलं; आईनं तो झाडून एका डब्यात भरून ठेवला होता आणि त्यात तुळस लावली होती. तिनं तेव्हा आईला सांगितलं होतं की मुरमात तुळस धरत नाही. तुळस धरली नव्हती. डबा अजून गॅलरीत होता.

भराव संपल्यावर पहिली दोन वर्षं पत्र्याच्या कुंपणातून आत जाता येत होतं. आई एकटीच जाऊन अदमासानं कुठेतरी दूध ओतून यायची. मग भिंत झाली, आणि भिंतीवर तार. त्यानंतर दर वैशाखात ती भिंतीशी जाऊन परत यायची, आणि ते दूध गल्लीतल्या एखाद्या पोराला पाजायची. आणि मग कुणीतरी तिला सांगितलं, ते नमितानंच सांगितलं होतं भाजी निवडताना, की तिकीट असेल तर कुणालाही आत सोडतात.

नमिता सगळा हिशोब नव्यानं मांडत बसली, आणि तो पैशांचा नव्हता. तिला वाटत होतं की ती आईला फिरायला नेते आहे. तीन दिवस, अग्रशाळा, एक समुद्र, दोन देवळं, भाकरी. प्रत्येक गोष्टीतून काहीतरी कापून तिनं ही सहल आवाक्यात आणली होती आणि त्याचा तिला अभिमान होता. आणि आईच्या लेखी गोवा नावाचं काही नव्हतंच. तिला पोचायचं होतं ते इथं. तिनं स्वतःच्या शेतात शिरायचं तिकीट काढायला लावलं होतं, आणि बाकीचा प्रवास त्या तिकिटासोबत फुकट आलेला होता.

"शिडी कुठनं हाय?" आईनं विचारलं.

"कसली शिडी?"

आईनं टीव्हीवर पाहिलं होतं, लग्नाच्या फोटोंत पाहिलं होतं. माणसं जमिनीवरून चालत जातात, मग शिडी चढून विमानात बसतात, वर जाऊन हात हलवतात. म्हणजे चार पावलं तरी जमीन लागणार. तेवढ्यात वाकता आलं असतं. चपलेचा अंगठा तुटला म्हणून सुद्धा माणूस वाकतं. नमितानं काचेतून त्यांच्या विमानाकडे पाहिलं. इमारतीतून निघालेला पत्र्याचा एक लांबट बोगदा विमानाच्या दाराला जाऊन चिकटला होता, जळवेसारखा. तिनं आईला ते दाखवलं आणि सांगितलं की आपण त्यातूनच जायचं, खाली उतरायचं नाही.

"जमीन लागनारच नाय?"

"नाही."

 आईनं मांडीवरची रिकामी बाटली उचलून नमिताच्या हातात दिली, घरी गेल्यावर धू, म्हणाली. बाटलीच्या आतल्या अंगाला दुधाचा पातळ पापुद्रा राहिला होता, तळाच्या कडेला थोडं जास्त. नमिता त्याकडे पाहत राहिली. तिचं सगळं काम अशाच पापुद्र्यांचं होतं. बाटली रिकामी दिसते म्हणून ती रिकामी नसते. म्हणून तर नमुना घ्यायच्या आधी ती पुन्हा पुन्हा विसळायची, आणि तरीही मागचं काही राहिलं असेल असं धरून चालायचं. अहवालात 'नाही' असं कधी लिहायचं नाही, हे तिच्या पहिल्या साहेबांनी तिला शिकवलं होतं. नाही असं कुणालाच म्हणता येत नाही, ते म्हणायचे. आपल्या यंत्राला दिसलं नाही एवढंच म्हणता येतं. आणि लिहायचं ते ठरलेले शब्द लिहायचे: शोधमर्यादेखाली. म्हणजे असेलही. म्हणजे आपली नजर तिथपर्यंत पोचत नाही. शेकडो अहवालांत तिनं ते शब्द लिहिले होते आणि मघाशी त्या पट्ट्यापाशी, घाईत, पहिल्याच प्रश्नाला ती सरळ नाही म्हणून मोकळी झाली होती.

ती उठली. पिण्याच्या पाण्याचा नळ स्वच्छतागृहाच्या बाजूला होता. तिनं बाटलीत थोडंसं पाणी घेतलं, झाकण लावलं, आणि सवयीनं, मनगट फिरवत, भिंती सगळ्या भिजतील अशी हलवली. पाणी धुरकटलं. अगदी थोडं; धुक्यात लांबवर दिवा असावा तेवढं. तिनं बाटली आणून आईला दिली. आईनं ती उजेडाला धरली, मघाशी त्या बाईनं धरली होती तशीच, आणि काही विचारलं नाही. पदराच्या टोकानं तिनं नमिताचा वरचा ओठ पुसला. तिथं दूध लागलेलं आहे हे नमिताला आतापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

बोगद्यात गार हवा होती आणि पायाखाली रबराचा गालिचा. माणसं हळूहळू पुढे सरकत होती. विमानाच्या दाराशी दोन मुली हात जोडून उभ्या होत्या. आई दाराशी पोचली आणि थांबली. बोगद्याचं तोंड आणि विमानाचं अंग यांच्यामध्ये बोटभर रुंदीची फट होती. त्या फटीतून वैशाखाचं ऊन आणि गरम, डिझेल आणि खारट चिखलाचा वास असलेली हवा वर येत होती; आणि फटीतून सरळ खाली, दोन पुरुष उंचीच्या खाली, उन्हात तळपणारी जमीन दिसत होती. नमितानं किती वेळा विमानतळांची छायाचित्रं, नकाशे, उपग्रहाची चित्रं पाहिली होती. ही फट कशातच नव्हती. आईनं झाकण फिरवलं. "मॅम, आगे चलिए प्लीज," मुलगी म्हणाली. आई वाकली, तिचा गुडघा कटकन वाजला, आणि तिनं बाटली फटीवर तिरकी केली. पाण्याची एक बारीक धार झाली, उन्हात गेल्यावर एकदम उजळली, वाऱ्यानं जराशी वाकली आणि खाली गेली. मागे कुणीतरी म्हणालं, क्या हो गया, आणि कुणीतरी उत्तर दिलं, आँटी का पानी गिर गया. नमितानं आईच्या दंडाला धरलं. खाली काँक्रीटवर एक काळपट ठिपका उमटलेला तिला दिसला, तळहाताएवढा. तो थोडा वेळ तसाच थांबला. आईनं तळाशी पाहिलं. दोन घोट उरवलेले होते. तिनं बाटली नमितापुढे धरली, आणि नमिता तिथंच, दारात, ते प्यायली.

यंत्रानं नमिताला खिडकी दिली होती आणि आईला पुढच्या रांगेतली वाटेकडेची जागा. फुकटात मिळालेली खिडकी. तिनं ती लगेच आईला देऊ केली. आई बसलीही होती आपल्या जागी, बाटली मांडीवर घेऊन, आणि पट्टा लावता येत नव्हता म्हणून शेजारच्या माणसाकडून लावून घेत होती. तिनं नकारार्थी मान हलवली.

"मी खालनं बगलंय," ती म्हणाली. "तू बग. मी गेल्यावर तुलाच ठाव असाया पायजे."

विमान धावलं. नमितानं कपाळ काचेला लावलं. तिच्याजवळ खुणा होत्या तीन: डोंगर, उघाडी, भेंडी, आणि तिन्ही नव्हत्या. काँक्रीट पळत होतं, मग गवताचा पट्टा, मग पुन्हा काँक्रीट, गवतात एक बगळा, आणि मग सगळं तिरकं होत खाली गेलं. भिंत दिसली, तारेसह, काडीएवढी. खाडीची ओहोटी लागलेली होती. अमावास्येची मोठी ओहोटी, चिखल दूरवर उघडा पडलेला, आणि त्या चिखलात जुन्या बांधांच्या पुसट रेघा, कुठून तरी निघून विमानतळाच्या कडेला येऊन तुटलेल्या. तिनं त्यांतली एक रेघ नजरेनं धरली आणि ती जिथे तुटते तिथून पुढे, काँक्रीटखालून, ती कशी गेली असेल ते मनात वाढवत नेऊ लागली. पेन्सिल आणि पट्टी असती, उपग्रहाचं जुनं चित्र असतं, तर पन्नास-साठ मीटरच्या चुकीत जागा काढता आली असती. पन्नास मीटर म्हणजे किती बांध. किती भेंड्या. विमान कललं आणि रेघ पंखाखाली गेली.

पट्टे सोडायची खूण झाल्यावर आई जागेवरच वळली. मधल्या जागेवरचा माणूस फोन बघत होता. त्याच्या डोक्यावरून तिनं नमिताकडे पाहिलं आणि नुसत्या भुवया उचलल्या.

"दिसला?"

नमिता कॉलेजात गेल्यापासून घरातसुद्धा शुद्ध बोलायची. आई त्यावरून कधी कधी तिला मास्तरीण म्हणायची. आता तिच्या तोंडाला ते कोमट दूध अजून होतं.

"हाय," ती म्हणाली, मधला माणूस वर बघेल इतक्या मोठ्यानं. "तिथंच हाय."

आईनं मान डोलावली. मग ती पुढे वळली, आणि गोवा येईपर्यंत तिनं खिडकीकडे एकदाही पाहिलं नाही.